प्लसचा बल्ब, अर्थचा बल्ब

गाडी साफ बंद पडली तर गॅरेजवाल्याचं काम त्या मानाने सोपं असतं. गाडी समोर उभी असते, किल्ली फिरवली तरी काही होत नाही, आणि बॅटरीपासून सेल्फपर्यंत एकेक टप्पा तपासत गेलं की करंट कुठेतरी अडलेला सापडतोच. अवघड असते ती कधीकधी बंद पडणारी गाडी. ती घाटात बंद पडते, पाच मिनिटांनी आपली आपण चालू होते आणि गॅरेजच्या दारात तर कसलीच कुरकुर करत नाही. मालक सांगत राहतो, मिस्त्री किल्ली फिरवून दाखवतो, "बघा, चालू आहे की!" एवढ्या एका वाक्याने दोष गाडीवरून माणसावर सरकतो. क्लच अर्धवट दाबला असेल, पेट्रोल खराब असेल, घाटात चुकीच्या गिअरवर चढवली असेल. चालवणारी बाई असेल तर हे सगळं जरा जास्तच लवकर ठरतं.

"कधीकधी" असा दोष गाडीत नसतोच, असं माझं ठाम मत झालंय. वायरीला लहर येत नाही. ठरावीक गोष्टी जुळल्या की ती दर वेळी तशीच वागते. ऊन असेल, ओल असेल, खड्डा असेल, चढ असेल, नाहीतर गाडीत कोण कुठे बसलंय तेही असेल. आपल्याला त्या गोष्टी माहीत नसतात म्हणून आपण "कधीकधी" म्हणतो. त्यामुळे असा दोष शोधायचा म्हणजे आधी त्या गोष्टी शोधायच्या, आणि त्या ठाऊक असणारा माणूस एकच असतो. ज्याची गाडी बंद पडली तो. त्याचं ऐकून न घेता पाना उचलणारा मिस्त्री अर्धा पुरावा दाराबाहेर ठेवून आत येतो.

हे मला शिकवलं चिपळुणातल्या एका वायरमननं. बहादूरशेख नाक्याजवळ त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड, भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या रंगीबेरंगी वायरींच्या गुंडाळ्या आणि एक लाकडी बाकडं. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणते.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरलं, त्या दिवशी आमची गाडी इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये होती. पाणी सीटच्या वर गेलं होतं. ओसरल्यावर दार उघडलं तर आत बोटभर चिखल आणि तो वास. ज्यांनी तो वास घेतलाय त्यांना वेगळं सांगायला नको. किल्ली कुणी फिरवायची नाही एवढं मात्र आम्ही पाळलं. गाडी ओढून नेली, सीटा आणि कार्पेट बाहेर काढलं, ऑइल बदललं, फ्यूजबॉक्स धुऊन वाळवला. काही आठवड्यांनी गाडी परत आली आणि पुढचे काही पावसाळे छान चालली. आम्ही पूर विसरलो, पण गाडीच्या वायरी विसरल्या नव्हत्या.

पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं. त्यात माती असते, गटार असतं, दुकानांतून वाहून आलेलं मीठ, खत, साबण, काय काय असतं. अशा पाण्यातून वीज सहज वाहते, आणि ते तांब्याला लागून राहिलं की तांबं हिरवं पडायला लागतं. कार्पेट वाळतं, सीट वाळते, पण वायरीच्या प्लास्टिकच्या आवरणात, तांब्याच्या बारीक तारांच्या मधल्या फटींत जे पाणी चढतं ते सहजासहजी बाहेर येत नाही. वात जसं तेल ओढून घेते तसं वायरीचं उघडं टोक पाणी ओढून घेतं, कधीकधी वीतभर आतपर्यंत. बाहेरचं आवरण काळंभोर, गुळगुळीत, अगदी नव्यासारखं राहतं. आत तांबं हळूहळू भुकटी होत जातं. हे काम वर्षानुवर्षं चालतं, म्हणून पुरातल्या गाड्या पुरानंतर लगेच बिघडत नाहीत. माणसं पूर विसरली की मग त्या बिघडू लागतात.

आमच्या गाडीचं दुखणं सुरू झालं कुंभार्ली घाटात. आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी आम्ही कराडला जात होतो. पोफळी मागे पडली, चढ सुरू झाला, आणि एका वळणावर गाडीने ओढ सोडली. ॲक्सिलरेटर दाबला तरी जोर येईना. दोन हिसके बसले आणि इंजिन बंद. मागे सिमेंटचा ट्रक होता हे मला आजही आठवतं, कारण त्याच्या ब्रेकचा आवाज ऐकून आईने माझा दंड धरला होता. गाडी कडेला घेतली, जरा वेळाने सेल्फ मारला, इंजिन पहिल्या झटक्यात चालू. पुढे कराडपर्यंत आणि येताना चिपळूणपर्यंत काही म्हणजे काही झालं नाही. मग पुढच्या महिन्यात पुन्हा, त्याच घाटात.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. कोड एकही नाही. स्कॅनरविषयी माझी तक्रार नाही, ते फार कामाचं यंत्र आहे. पण गाडीचा कॉम्प्युटर ज्या गोष्टींवर नजर ठेवतो तेवढंच स्कॅनर सांगू शकतो. सेन्सर बिघडला, त्याची वायर तुटली, तर कोड पडतो. आमच्या गाडीत पेट्रोलच्या पंपाला करंट नीट मिळतोय की नाही हे कॉम्प्युटर बघतच नाही. रिलेला, म्हणजे पंपाचा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचला, हुकूम दिला की त्याच्या लेखी पंप चालू. त्यामुळे स्क्रीनवर "दोष नाही" आलं, आणि तो कागद माझ्या हातात असा ठेवला गेला की जणू गाडीच निर्दोष ठरली.

दुसऱ्या एका गॅरेजने अंदाजाने पेट्रोल पंप बदलला. तोही काही वेडा अंदाज नव्हता, लक्षणं पंपाचीच होती. पंप बदलल्यावर गाडी महिना-दीड महिना बरी चालली आणि मग परत पहिले पाढे पंचावन्न. मधल्या काळात ती बरी का चालली, हे मला चाचांनी नंतर समजावलं. पंप बदलताना कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढला जातो, परत बसवला जातो, वायर हलते, ओढली जाते. आतल्या कुजलेल्या तारा जरा जवळ सरकतात. तेवढ्यावर काही दिवस निघतात आणि गुण नव्या पंपाच्या नावावर जमा होतो. अशा दोषात सुटे भाग बदलत जाण्याचा खरा तोटा पैशांचा नाही. प्रत्येक वेळी काहीतरी हलवलं जातं आणि दोष आपली जागा सोडल्यासारखा वागतो. चाचांचं म्हणणं असं की जोपर्यंत दोष डोळ्यांनी दिसत नाही तोपर्यंत गाडीतली एक वायरसुद्धा हलवू नये.

त्यांच्याकडे गाडी नेली तेव्हा मी बोनेट उघडायला गेले, तर म्हणाले, "राहू दे ताई. गाडी कुठे पळून जात नाही. आधी बसा आणि सांगा."

मी सांगायला लागले. त्यांनी मधेच तोडून विचारायला सुरुवात केली. इंजिन एकदम बंद पडतं की आधी हिसके देतं? एकदम गेलं तर ठिणगीकडे बघायचं, हिसके देऊन गेलं तर पेट्रोलकडे. बंद पडताना डॅशबोर्डचे दिवे जातात का? रेडिओ जातो का? गेले तर मुख्य लाइन, नाही गेले तर पुढे कुठेतरी. पाऊस असतो का? टाकी भरलेली असते की कमी? घाट सोडून दुसरीकडे कधी झालं? गुहागरच्या रस्त्याला खड्डे काही कमी नाहीत, तिकडे का नाही झालं? एकटी असताना झालंय का?

या शेवटच्या प्रश्नाला मी थांबले. एकटी मी गाडी रोज चालवते, कॉलेजला जाते, खेर्डीला जाते. एकटी असताना कधीच झालं नव्हतं. आजवर हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

"शेजारी कोण असतं?"

"आई."

"मग मावशींना घेऊन या."

आई दुसऱ्या दिवशी आली. चाचांनी तिला बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "मावशी, गाडी बंद पडते तेव्हा तुम्हाला काय दिसतं?" मला गंमत वाटली नाही, भरून आलं. कारण आईला इतक्या दिवसांत कुणीही काही विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. आई सरळ म्हणाली, "पेट्रोलचा काटा पडतो. मी हिला म्हटलं होतं, पेट्रोल संपलं वाटतं. टाकी तर भरलेली असते."

चाचा उठून उभे राहिले. पंप आणि पेट्रोलची पातळी मोजणारा भाग आमच्या गाडीत टाकीत एकाच जागी बसवलेले आहेत, आणि दोघांची अर्थची वायर, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी, पुढे एकच होते. पंपाचं प्लस वेगळं, काट्याची वायर वेगळी. दोघं एकाच क्षणी आजारी पडत असतील तर दोघांत जे सामाईक आहे ते तपासायचं. सामाईक होती फक्त अर्थ. एका पंच्याहत्तरीच्या बाईने खिडकीबाहेर दरीकडे बघायला भीती वाटते म्हणून डॅशबोर्डवर डोळे लावून ठेवले होते, त्या निरीक्षणाने अर्धी गाडी तपासातून वगळली गेली.

मग त्यांनी आईला गाडीत बसायला सांगितलं. "घाटात बसता तसं बसा." आईने डावा पाय पुढे, दाराखालच्या कोपऱ्यात, प्लास्टिकच्या झाकणाला टेकवून रोवला. घाटात ती तशीच बसते, वळणावर तोल जाऊ नये म्हणून. चाचांनी वाकून त्या पायाकडे बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. मला वाटलं आता ते झाकण उघडतील. उघडलं नाही. "संशय आला म्हणून उघडायचं नाही," म्हणाले. "आधी गाडीनं बोलून दाखवायला पाहिजे."

इथे थोडं विजेचं सांगायला हवं, कारण पुढे त्यांनी जे केलं त्याची खुबी त्यात आहे. जॉर्ज ओहमने १८२७ मध्ये मांडलेला नियम आपण शाळेत घोकतो: दाब, प्रवाह आणि अडथळा यांचं नातं. गाडीच्या सगळ्या वायरिंगचं दुखणं त्या एका ओळीत बसतं. पेट्रोल पंप साधारण ५ अँपिअर ओढतो. त्याच्या अर्थच्या जोडात फक्त १ ओहमचा अडथळा आला, तर बारा व्होल्टमधले साडेतीन-चार व्होल्ट त्या कुजक्या जोडातच खर्च होतात आणि पंपाच्या वाट्याला आठ-साडेआठ उरतात. पंप फिरतो, पण दमाने फिरत नाही. सपाटीवर तेवढं पेट्रोल पुरतं. चढावर इंजिन जास्त मागतं तेव्हा पुरत नाही.

आता हाच जोड डिजिटल मीटरने तपासला तर? पंपाचा कपलर काढून मीटर लावला की मीटर झोकात बारा व्होल्ट दाखवतो. मीटर खोटं बोलत नसतो. त्याचा आतला अडथळा एक कोटी ओहमच्या घरात असतो, त्यामुळे तो वायरीतून जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. करंटच नाही तर कुजक्या जोडात दाब कसा खर्च होणार? दहा-बारा तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी मीटरला ती पुरते. सर्व्हिस सेंटरच्या पोराने मला हेच दाखवलं होतं, आणि तो प्रामाणिकपणे दाखवत होता. वायर तपासायची तर तिच्यावर खरं ओझं टाकून तपासायला पाहिजे. चाचांकडे त्यासाठी हेडलाइटचा जुना बल्ब आहे, दोन वायरी आणि दोन चिमटे लावलेला. ५५ वॉटचा बल्ब साडेचार-पाच अँपिअर ओढतो, म्हणजे बरोबर पंपाएवढा. वायर ठणठणीत असेल तर बल्ब लख्ख पेटतो, आतून कुजली असेल तर मिणमिणतो.

त्या दिवशी दुकानात बल्ब लख्ख पेटला. आई पाय रोवून बसलेली असताना तो एकदा किंचित मंद झाल्यासारखा वाटला, पण उन्हात नक्की सांगता येईना. चाचा म्हणाले, घाटात जाऊ.

त्यांनी केलेली जोडणी मी वहीत काढून ठेवलीय, कारण इतकी साधी आणि इतकी पक्की गोष्ट मी क्वचित बघितलीय. इंडिकेटरचे दोन छोटे बल्ब घेतले. मागची सीट उचलून पंपाच्या कपलरवर, वायर न तोडता, मागच्या बाजूने बारीक पिना सरकवल्या. पहिल्या बल्बचं एक टोक पंपाच्या प्लसला आणि दुसरं थेट बॅटरीच्या मायनसला. दुसऱ्या बल्बचं एक टोक पंपाच्या अर्थच्या वायरीला आणि दुसरं थेट बॅटरीच्या प्लसला, मधे फ्यूज घालून. दोन्ही बल्ब लांब वायरींनी पुढे आणले आणि डॅशबोर्डवर चिकटपट्टीने लावले. डावा प्लसचा, उजवा अर्थचा. सगळं नीट असेल तोवर दोन्ही पेटलेले राहणार. गाडी बंद पडताना डावा विझला तर बिघाड फ्यूज, रिले, प्लसच्या लाइनमध्ये. उजवा विझला तर अर्थमध्ये. दोन्ही पेटलेले असताना बंद पडली तर वायरिंग निर्दोष, पंप किंवा पुढचं काहीतरी बघायचं. तीन उत्तरं, आणि तिन्हींसाठी फक्त डोळे उघडे ठेवायचे.

संध्याकाळ कलताना निघालो, बल्ब नीट दिसावेत म्हणून. मी चालवत होते, आई शेजारी, चाचा मागे दोन सीटांच्या मधून डोकं पुढे काढून. पिंपळी, शिरगाव, पोफळी. दोन्ही बल्ब स्थिर. चढ लागला. आईला त्यांनी बजावलं होतं, "मुद्दाम काही करू नका, नेहमीसारखं बसा." तिसऱ्या की चौथ्या वळणावर उजवा बल्ब लाल झाला. विझला नाही, आधी लालसर झाला, निखाऱ्यावर राख धरावी तसा, आणि गाडीने ओढ सोडली. पेट्रोलचा काटा कलला. डावा बल्ब जसाच्या तसा पेटलेला.

"मावशी, डावा पाय उचला," चाचा म्हणाले.

आईने पाय उचलला. बल्ब उजळला. गाडीने दम धरला.

"परत ठेवा."

बल्ब परत लाल.

मी गाडी रुंद जागा बघून कडेला घेतली. मागून येणाऱ्या एसटीला हात दाखवून पुढे जाऊ दिलं. कुणी काही बोललं नाही. आई आपल्या पायाकडे बघत होती.

झाकण उघडलं दुसऱ्या दिवशी, दुकानात. आत बॉडीच्या पत्र्याला एक बोल्ट, त्या बोल्टखाली थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, आणि थिंबलात दाबलेली मागून आलेली काळी वायर. बोल्ट घट्ट होता. थिंबल जरासं काळवंडलेलं, पण तुटलेलं नव्हतं. नुसतं बघून कुणीही झाकण परत लावलं असतं. चाचांनी वायर दोन बोटांत धरली आणि थिंबलापासून मागे मागे चाचपत गेले. चार बोटांच्या अंतरावर थांबले. "इथं हात लावा." मी चिमटीत धरली. बाकी वायर कडक, आतल्या तारांचा भरीवपणा बोटांना कळणारी. तिथे मात्र मऊ. सुतळी दाबावी तशी दबत होती. त्यांनी ब्लेडने आवरण उभं चिरलं. आत तांबं नव्हतंच म्हटलं तरी चालेल. हिरवी-काळी भुकटी होती, ती बाकड्यावर सांडली, आणि तिच्यात दोन तारा टिकून होत्या, त्यातली एक चिरताना तुटली. थिंबलाच्या बाजूनं पाणी आत शिरलं होतं आणि वर चढत जिथपर्यंत पोचलं तिथे वर्षानुवर्षं राहिलं होतं. आईचा पाय झाकणाला टेकला की झाकण वायरीला रेटायचं, वायर तिथेच मुडपायची आणि उरलेल्या तारा एकमेकींपासून सुटायच्या. पाय हलला की परत टेकायच्या. त्यात "कधीकधी" काय होतं?

दुरुस्ती फारशी सांगण्यासारखी नाही. लखलखीत तांबं लागेपर्यंत वायर मागे कापत गेले, आणि ते बरंच मागे गेल्यावर लागलं. नवा तुकडा, नवं थिंबल, जोडावर तापवली की आकसणारी नळी, पत्रा पॉलिश पेपरने घासून बोल्ट कसला, वरून व्हॅसलीन. मग मीटर लावला, आता मात्र पंप चालू ठेवून: एक टोक पंपाच्या अर्थला, एक बॅटरीच्या मायनसला. पाच-सात शतांश व्होल्ट. एक दशांशाच्या आत असलं की समाधान मानायचं, असा त्यांचा नियम.

हे सगळं एवढ्या तपशिलात लिहावंसं वाटलं त्याला आणखी एक कारण आहे. चालत्या गाडीचं इंजिन क्षणभर बंद पडणं ही गैरसोय नाही, तो जिवाचा प्रश्न आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कोबाल्ट आणि सॅटर्न आयनसारख्या गाड्यांमध्ये किल्लीचा स्विच एवढा सैल होता की खड्डा बसला किंवा किल्लीच्या जुडग्याचं वजन जास्त झालं तर तो धावत्या गाडीत मागे सरकायचा. इंजिन बंद, स्टेअरिंग जड, आणि धडक झाली तर एअरबॅगही उघडायची नाही. तक्रारी येत होत्या, पण कंपनीत कितीतरी काळ त्याची नोंद ग्राहकाची गैरसोय अशीच होत राहिली. जॉर्जियातली एक तरुण नर्स २०१० च्या मार्चमध्ये, आपल्या एकोणतिसाव्या वाढदिवशी, अशा अपघातात गेली. त्याच्या काही दिवस आधीच इंजिन बंद पडतं म्हणून तिने गाडी दाखवून आणली होती.

तिच्या आईवडिलांच्या वकिलाने मार्क हूड नावाच्या एका इंजिनिअरकडे ते काम दिलं. त्याला बराच काळ काही उमगेना. मग त्याने तोच सुटा भाग नवा विकत आणला, आणि तो फिरवायला जुन्यापेक्षा चांगलाच घट्ट निघाला. बाहेरून दोन्ही सारखे, दोन्हींवर पार्ट नंबरही तोच. आत बघितल्यावर कळलं की नव्यातला दांडा आणि स्प्रिंग लांब केले होते. म्हणजे दुरुस्ती झाली होती, पण नंबर बदलला नव्हता, त्यामुळे कागदावर बघणाऱ्याला काही बदललंय हे कळायला मार्गच नव्हता. फेब्रुवारी २०१४ मध्ये गाड्या परत मागवायला सुरुवात झाली आणि आकडा २६ लाखांवर गेला. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यू या स्विचमुळे झाल्याचं मान्य केलं. २०१५ मध्ये कंपनीने ९० कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. मला यात हूडचं काम फार मोठं वाटतं. सगळे कागद बघत होते तेव्हा त्याने दोन्ही स्विच हातात घेऊन फिरवून बघितले.

"दोष सापडला नाही" हे वाक्य खरं असू शकतं, आणि ते म्हणण्यात कमीपणा नाही. पण "दोष नाही" हे वेगळं वाक्य आहे, आणि एकाचं दुसरं करून ग्राहकाच्या हातात कागद देण्याचा हक्क कुणालाही नाही, मग ते पत्र्याचं दुकान असो की काचेचं. माझी याबद्दल तडजोडीची तयारी नाही.

मालकांनीही एक करावं. गाडीच्या खणात एक छोटी वही ठेवावी आणि बंद पडली की तिथल्या तिथे लिहावं. किती वेळ चालवल्यावर, चढ की उतार, एसी चालू की बंद, ऊन की पाऊस, टाकी किती, कोण कुठे बसलं होतं, कुठले दिवे गेले, किती वेळाने चालू झाली. पूर्वी हिवतापाच्या रोग्याला डॉक्टर आधी विचारायचे, थंडी किती वाजता भरते आणि दिवसाआड की रोज, आणि त्यावरूनच अर्धं निदान व्हायचं. तसंच हे. कॉम्प्युटरसुद्धा कोड पडतो त्या क्षणाचा वेग, इंजिनचे फेरे, पाण्याचं तापमान टिपून ठेवतो आणि स्कॅनरवर ते वाचता येतं. यंत्र बनवणाऱ्यांनाही हे कळलं होतं की नुसता दोष कळून भागत नाही, तो कसल्या परिस्थितीत झाला ते लागतं.

तासभर चालवल्यावर बंद पडून अर्ध्या तासाने चालू होणारी गाडी असेल तर उष्णतेकडे बघायचं. इंजिनचं फिरणं टिपणाऱ्या क्रँकच्या सेन्सरमधली केसासारखी तार तापली की सुटते, निवली की जुळते, आणि क्रेन येईपर्यंत निवलेलीच असते. चाचा तो सेन्सर केस वाळवायच्या यंत्राने तापवतात, इंजिन बंद पडलं की त्यावर ओलं फडकं ठेवतात आणि परत चालू होते का बघतात. रिलेच्या आतल्या डाखाला बारीक चीर गेली तर तीही अशीच उन्हाळ्यात वागते. पावसाळी सकाळी नखरे करणारी गाडी वेगळी, खड्ड्यात दिवे लुकलुकणारी वेगळी, आणि उंदरांनी कुरतडलेली तर कोकणात घरटी एक सापडेल. हॉर्न, फॉग लॅम्प, म्युझिक सिस्टीम बाहेरून बसवून घेतलेल्या गाडीत चाचा आधी तेच जोड उघडतात. मूळ वायर सोलून तिच्याभोवती दुसरी गुंडाळायची आणि वर काळी टेप मारायची, हे बघितलं की ते अक्षरशः चिडतात.

आमच्या गाडीचं काम झाल्यावर मी पैसे विचारले. त्यांनी वायर, थिंबल आणि एका दिवसाची मजुरी सांगितली. घाटातल्या फेरीचे धरलेच नव्हते, ते मी भांडून दिले. मग म्हणाले, "दिवाळीनंतर परत आणा. उजव्या बाजूचं कार्पेट उघडून बघू. पाणी काय डावीकडेच नव्हतं."

दिवाळीनंतर नेली. उजवा थिंबल स्वच्छ निघाला. मागच्या डिकीतली, ब्रेकलाइटची वायर चाचपून बघितली तर दोन बोटं मऊ लागत होती. तीही कापून नवी केली. तिथलं तांबं अजून हिरवं होतं, काळं पडलं नव्हतं.